मुका यूपीएस आणि भरती-ओहोटीचा धडा

आमच्या सासूबाईंना वीज गेलेली आवडायची. घरातले बाकीचे सगळे "गेली का?" म्हणत पंख्याकडे बघत बसायचे आणि सासूबाई हातातलं काम तसंच टाकून आतल्या खोलीकडे पळायच्या. एकदा तर गॅसवरचं दूध माझ्या भरवशावर सोडून पळाल्या. ते उतू गेलं आणि बोलणी मी खाल्ली, कारण लक्ष ठेव म्हणून त्यांनी मला नुसतं डोळ्यांनी सांगितलं होतं.

त्या पळायच्या त्या वाचायला. अंध मुलांच्या एका शाळेसाठी त्या अभ्यासाची पुस्तकं मोठ्याने वाचून संगणकात रेकॉर्ड करून द्यायच्या. पैशाचं काम नव्हतं, पण घरात त्याचा मान नोकरीसारखा होता. आमची इमारत म्हणजे आवाजाचं कोठार. खाली वेल्डिंगचं दुकान, शेजारी दिवसभर मिक्सर फिरवणारी बाई, डोक्यावर पाण्याचा पंप आणि समोरच्या घरात कमी ऐकू येणारे आजोबा, ज्यांच्या टीव्हीवरच्या बातम्या आम्हाला फुकटात कळायच्या. वीज गेली की ही सगळी मंडळी एकदम गप्प व्हायची. संगणक मात्र टेबलाखालच्या यूपीएसवर चालू राहायचा. यूपीएस म्हणजे बॅटरीचा तो काळा डबा, जो वीज गेल्यावर संगणकाला थोडा वेळ सांभाळून घेतो. तेवढ्या वेळात सासूबाई अर्धा धडा उरकायच्या.

वाचायला बसायची त्यांची तऱ्हाही वेगळी. कपाटाची दारं सताड उघडायची, आत रजया, स्वेटर, जुने कोट कोंबलेले, आणि त्यांच्याकडे तोंड करून बसायचं, म्हणजे आवाज भिंतींवर आपटून परत येत नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांना कपाटात डोकं घालून "विषुववृत्तापासून दूर जावं तसं तापमान कमी होत जातं" असं सांगताना पाहिलं. माहेरी फोन करून सांगितलं, की माणसं चांगली आहेत, पण सासू रजयांना भूगोल शिकवते.

भूगोल हाच त्यांचा खास विषय होता. पुस्तकात नकाशा आला की त्या थांबायच्या आणि आपल्या मनाने सांगायच्या, "डाव्या हाताचा तळवा समोर धरा. अंगठा म्हणजे हा डोंगर. अंगठ्याच्या बुंध्यापासून करंगळीकडे बोट फिरवा, ती नदी." त्यांच्या पुस्तकांवर शिकलेली मुलं परीक्षेत हात उघडून बसतात आणि नकाशा चाचपत उत्तरं सांगतात, असं तिथल्या शिक्षिकेने आम्हाला सांगितलं होतं. मुलं त्यांना दीडपट वेगाने ऐकतात, हेही तिनेच सांगितलं. एवढी पुस्तकं नेहमीच्या वेगाने ऐकत बसायला कोणाला वेळ आहे? एकदा सासूबाई शाळेत गेल्या, तेव्हा एक मुलगी त्यांचं बोलणं ऐकून खट्टू झाली होती. म्हणाली, "तुम्ही खऱ्यात किती हळू बोलता!" त्या दिवशी घरी येऊन सासूबाई भाजी चिरतानासुद्धा घाई करत होत्या.

यूपीएसला एक खोड होती. वीज गेली की तो मिनिटामिनिटाला ओरडायचा. सासूबाई म्हणायच्या "वाळवंटी प्रदेश", आणि मागून याचं कूंई. सासऱ्यांनी आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केलेल्या. निवृत्त झाल्यावर दुरुस्त करायला लिफ्ट मिळेना, म्हणून ते आमच्या मागे लागले. त्यांनी तो डबा उघडला, आतली शिट्टी शोधली आणि पक्कडीने उपटून टेबलावर ठेवली. "घे. मुका केला," म्हणाले. सासूबाईंनी त्या दिवशी त्यांना चहात हवी तेवढी साखर घालू दिली.

आता दुसरी गोष्ट. माणूस बोलताना त्याच्या तोंडात बारीक टकटक होत असते. जीभ टाळूला चिकटते, सुटते, आणि मायक्रोफोन ते इमानदारीने पकडतो. सासूबाईंचा त्या टकेवर भारी राग. त्यासाठी त्या आंबट हिरवी सफरचंदं खायच्या, घोट घोट पाणी प्यायच्या, आणि तरी एखादी टक राहिलीच तर नंतर कानाला हेडफोन लावून ती शोधायच्या आणि कापून टाकायच्या. अलीकडे त्यांच्या तक्रारी वाढल्या होत्या. "वय झालं गं. तोंड सुकतं. पानापानाला टक येते," म्हणायच्या. मी औषधाच्या दुकानात काम करते, म्हणून मी त्यांना तोंड सुकू नये म्हणून एक फवारा आणून दिला. त्याने तोंड छान ओलं राहिलं, टक काही थांबली नाही.

मग गळ्यात गाठ निघाली. तपासणीत ती वाईट नाही असं कळलं, तेव्हा घरातल्या प्रत्येकाने आपापल्या कोपऱ्यात जाऊन डोळे पुसले. पण ती वाढत होती आणि श्वासनळीवर दाबत होती. डॉक्टरीणबाईंनी कागदावर गळ्याचं चित्र काढून दाखवलं. आवाजाची नस गाठीच्या अगदी पाठीला लागून जात होती.

"आम्ही जपूच," त्या म्हणाल्या. "पण नसेला थोडा जरी धक्का लागला तर आवाज बसतो. कधी परत येतो, कधी पूर्वीसारखा येत नाही. तुमच्या मनाची तयारी असावी."

दुसरी कोणी बाई रडली असती. आमच्या सासूबाईंनी विचारलं, "किती दिवस थांबता येईल? माझे चार धडे राहिलेत."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले. इतक्या वर्षांत मी दुसरं काही शिकले नव्हते.

शाळेतली शिक्षिका म्हणाली होती, की उरलेलं दुसऱ्या कोणाकडून वाचून घेऊ, तुम्ही काळजी करू नका. पण त्या दुसऱ्याला तळहातावरचा नकाशा कुठून येणार? सासूबाईंनी चारांतले दोन धडे आठवडाभरात संपवले, तिसरा सुरू केला. शेवटचा राहिला होता भरती-ओहोटीचा. गुरुवारी सकाळी दवाखान्यात दाखल व्हायचं होतं. सोमवारी दुपारी वीज गेली.

सासूबाई नेहमीसारख्या पळाल्या. कपाट उघडल्याचा आवाज आला, खुर्ची सरकल्याचा आला, आणि मग वाचण्याचा आवाज येण्याऐवजी त्यांची हाक आली. "अगं, इकडे ये!"

पडदा काळा होता. यूपीएसने एक क्षणही दम धरला नव्हता. म्हटलं, असेल, बॅटरी उतरली असेल. वीज आल्यावर बघू. वीज आली, संगणक आपोआप सुरू झाला, पडद्यावर कंपनीचं चिन्ह उमटलं, टिंबांचं कडं गोल गोल फिरलं आणि पुन्हा काळोख. मग पुन्हा चिन्ह, पुन्हा कडं, पुन्हा काळोख. एकदा तर बिचारा पार फाइलींपर्यंत पोचला. सासूबाईंनी 'भूगोल' लिहिलेल्या चौकटीवर बोट ठेवलं, आणि तो गेला.

मी कपाळावर हात मारला. कारण मागचे दोन धडे आणि तिसऱ्याचा अर्धा भाग फक्त त्या संगणकात होता. पेनड्राइव्हवर घ्यायचं काम माझं. चारही धडे झाले की एकदम घेऊ, असं आम्ही दोघींनी मिळून ठरवलं होतं.

नवरा कामासाठी परगावी, लॅपटॉप त्याच्याबरोबर. त्याला फोन केला.

"रीस्टार्ट करून बघ," तो म्हणाला.

"अरे, तो तेवढंच तर करतोय!"

"मग बंद करून थोड्या वेळाने चालू कर."

"तेही त्याचं तोच करतोय. तुझ्यापेक्षा जास्त वेळा केलंय त्याने."

सासऱ्यांनी तोवर बाह्या सारल्या होत्या. लिफ्ट अडकली की आधी आतल्या माणसाला धीर द्यायचा, मग मशीनकडे बघायचं, हा त्यांचा जुना शिरस्ता. त्यांनी सासूबाईंच्या खांद्यावर थोपटलं आणि संगणकाची पेटी उघडली. आत धुळीचा गालिचा. तो ब्रशने झाडला, वायरी काढून परत घट्ट बसवल्या, मेमरीच्या पट्ट्या खोडरबराने घासल्या. प्रत्येक वेळी आम्ही तिघं पडद्याकडे बघायचो. चिन्ह. कडं. काळोख.   सासूबाईंचा एक हात सारखा गळ्याकडे जात होता आणि गाठीवरून फिरून खाली येत होता.

मंगळवारी मी दुकानातून सुट्टी काढली आणि पेटी चादरीत गुंडाळून, स्कूटरवर पायांमध्ये धरून, 'फॉरमॅट'कडे गेले. आमच्या भागातल्या संगणक दुरुस्त करणाऱ्याला सगळे याच नावाने ओळखतात, कारण संगणकाला शिंक आली तरी तो म्हणतो, फॉरमॅट मारावं लागेल. म्हणजे आतलं सगळं पुसून पाटी कोरी करायची. दवाखाना असा असता तर सर्दीच्या रोग्याचं डोकं कापलं असतं. पण हात दाखवायला दुसरा कोणी नव्हता.

मी सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "वहिनी, डिस्क गेली असणार. नाहीतर विंडोज बिघडलंय. फॉरमॅट मारू."

"फॉरमॅट हा शब्द पुन्हा काढलात तर मी तुमच्या काउंटरवर बसून रडेन," मी म्हणाले, "आणि मला रडताना फार मोठा आवाज येतो."

तो घाबरला. मी खरंच रडायच्या बेतात होते. त्याने मुकाट्याने पेटीला आपल्या टेबलावरचा पडदा जोडला, आपली वायर जोडली, बटण दाबलं. चिन्ह आलं, कडं फिरलं, आणि संगणक शहाण्या बाळासारखा सुरू झाला.

आम्ही दोघं त्याच्याकडे बघत बसलो. पाच मिनिटं झाली, अर्धा तास झाला. फॉरमॅटने त्याच्यावर एक जड खेळ चालवून पाहिला, नाना तपासण्या केल्या. काही नाही. मी पर्समधून पेनड्राइव्ह काढला आणि धडे त्याच्यावर घ्यायला लावले. हिरवी पट्टी सरकत होती तोवर मी पडद्यावरून नजर काढली नाही, काढली तर तो जाईल असं वाटत होतं. पट्टी भरली. मी पेनड्राइव्ह ब्लाउजमध्ये खोचला, कारण पर्सवर माझा विश्वास उरला नव्हता.

"कॉन्टॅक्ट लूज असेल. आणता आणता हलून बसला," फॉरमॅट म्हणाला. पैसे घ्यायलाही तयार होईना.

घरी येताना मला जग पुन्हा नीट दिसायला लागलं होतं. सासूबाई दारात उभ्या होत्या. मी लांबूनच पेनड्राइव्ह दाखवला. त्यांनी डोळे मिटून हात जोडले. संध्याकाळपर्यंत तिसऱ्याचं उरलेलं वाचून टाकते, उद्या भरती-ओहोटी, असा हिशेब त्यांनी तिथेच मांडला. सासऱ्यांनी पेटी जागेवर ठेवली, सगळ्या वायरी जोडल्या, बटण दाबलं.

चिन्ह. कडं. काळोख.

मला इतका संताप आला, की मी त्या पेटीला एक चापट मारली. दुकानात शहाणा आणि घरात वेडा, हा तर अगदी सासूबाईंच्या मुलावर गेला होता. सासूबाई खुर्चीवर बसल्या. तेव्हा पहिल्यांदा त्यांचे डोळे भरलेले मी पाहिले. डॉक्टरीणबाईंसमोर भरले नव्हते.

रात्री फोनवरून फॉरमॅटने सुचवलं, की मोबाइलवर वाचून द्या. ते करून पाहिलं. रजयांच्या कपाटात मोबाइल ठेवून सासूबाईंनी तिसऱ्या धड्याचं उरलेलं वाचलं. ऐकलं तर त्या पत्र्याच्या डब्यात बसून बोलत होत्या आणि शेजारचा मिक्सर मात्र खणखणीत आला होता.

"जाऊ दे ना आई, कळतंय ना शब्द," मी म्हणाले.

"तुला कळतंय, कारण तू पुस्तक समोर ठेवून ऐकतेस," त्या म्हणाल्या. "त्यांच्याजवळ कानाशिवाय काय आहे? त्यांना असं खरकटं नाही वाढायचं."

मग थोडं थांबून त्या म्हणाल्या, "आणि हा माझा शेवटचा असला तर? मला तो असा नाही ठेवायचा."

मी मोबाइल बंद करून बाजूला ठेवला. शनिवारी त्या घरी परत येतीलच, पण ज्या आवाजात त्या मला "अगं" म्हणून हाक मारतात, तो येईल की नाही हे कोणालाच माहीत नव्हतं. इतकी वर्षं त्या हाकेने माझी झोपमोड केली, मालिका बुडवल्या, फोन मधेच तोडायला लावले. त्या रात्री मी अंथरुणावर पडून ती हाक मनातल्या मनात आठवून बघत होते आणि ती मला धड आठवत नव्हती. मी फार घाबरले.

बुधवारी सकाळपासून सासरे पुन्हा टेबलाखाली. त्यांनी पडद्याची वायर बदलली, कीबोर्ड काढला, माउस काढला, मायक्रोफोन काढला. चोर सोडून संन्याशाला सुळावर देण्याचं काम मोठ्या निष्ठेने चाललं होतं. सासूबाई कपाटासमोर आपल्या खुर्चीत बसल्या होत्या, हातात पुस्तक, बाजूच्या स्टुलावर पाण्याचा पेला. मी दारात उभी होते.  वेल्डिंगवाला अजून आला नव्हता, मिक्सरवाली उठली नव्हती, इमारत शांत होती.

संगणक सुरू झाला, फाइलींपर्यंत पोचला. सासूबाईंचा हात सवयीने पेल्याकडे गेला. पडदा काळा झाला. त्यांनी पेला ओठांपर्यंत नेला आणि तसाच धरून बसल्या.

"काय झालं?" मी विचारलं.

"टक आली."

"कुठे?"

"माझ्या तोंडात. म्हणजे..." त्या पेल्याकडे बघत होत्या. "पण मी तर तोंड उघडलंच नाही."

सासरे टेबलाखाली होते तसेच थबकले. संगणक पुन्हा आपोआप सुरू होऊ लागला. सासूबाईंनी बोट ओठांवर ठेवलं. आम्ही तिघं भिंतीला कान लावल्यासारखे ऐकत राहिलो. चिन्ह आलं. कडं फिरलं. आणि मग मलाही ऐकू आलं. खालून, सासऱ्यांच्या कोपराजवळून, टाळूवरून जीभ सुटावी तेवढंच. टक. लगेच काळोख.

सासऱ्यांनी यूपीएसवर हात ठेवला आणि हात ठेवूनच बसले. मी त्यांच्याकडे बघितलं तर माणूस पांढरा पडलेला.

"बॅटरी मेलीय याची," ते म्हणाले. "पूर्ण मेलीय. वीज जरा कमीजास्त झाली, की हा बॅटरीवर जायला बघतो, टक करून. आणि बॅटरीत काही नाही, म्हणून संगणक पडतो. परवा वीज आल्यापासून दाब सारखा खालीवर होतोय. हा दर वेळी उडी मारतोय आणि खाली जाळीच नाही."

"मग हा इतके दिवस बोलला का नाही? बॅटरी संपत आली की ओरडतात ना हे?" मी विचारलं आणि विचारता विचारताच जीभ चावली.

 ती शिट्टी अजून सासऱ्यांच्या स्क्रूच्या डबीत होती.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो आम्ही स्कूटरवरून घातला होता. फॉरमॅटच्या दुकानात मी पेटी नेली, यूपीएस घरीच ठेवला. तिथे वीज सरळ भिंतीतून मिळाली, म्हणून संगणक शहाण्यासारखा चालला. आणि सासूबाईंच्या पानापानावरची टक? महिनोन्‌महिने वीज गेल्यावर बॅटरी धापा टाकू लागली की हा डबा त्याच्या उरल्यासुरल्या आवाजात सांगत होता, आणि त्या ती टक आपलीच समजून, हेडफोन लावून, एकेक करून कापत होत्या. वर सफरचंदं खात होत्या.

सासऱ्यांनी यूपीएसच्या वायरी काढल्या आणि संगणक सरळ भिंतीतल्या प्लगला जोडला. चिन्ह आलं. कडं फिरलं. फाइली आल्या. आम्ही वाट बघत राहिलो. काळोख आला नाही.

"लिफ्टची घंटा मी कधी काढली असती का?" सासरे मधेच म्हणाले. ते कोणाला विचारत होते कोण जाणे. "माणसं घंटेला कंटाळायची. म्हणायची, काढा हो, मुलं उगाच वाजवतात. एकालाही काढून दिली नाही. नोकरी गेली असती तरी दिली नसती."

सासूबाई उठल्या आणि त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. "मी सांगितलं म्हणून काढलीत," त्या म्हणाल्या. "आता रडत बसू नका. मला वाचायचंय."

आता खरी परीक्षा होती. यूपीएस नाही, म्हणजे वीज गेली की सगळं गेलं, आणि वीज असेल तर इमारत बोलणार. सासरे चपला घालून निघाले. वेल्डिंगवाल्यापाशी जाऊन त्यांनी काय सांगितलं ते आम्हाला कळलं नाही, पण त्याने दुकान अर्धं उघडून बाहेर खुर्ची टाकली आणि बसून राहिला. मिक्सरवाल्या बाईला मी सांगितलं. ती म्हणाली, "अगं बाई, उद्या ऑपरेशन ना? आज मी पाटा-वरवंट्यावर वाटते," आणि तिच्याकडे पाटा-वरवंटा नाही हे मला माहीत होतं. समोरच्या आजोबांना समजावणं अशक्य, म्हणून सासरे त्यांच्याकडे जाऊन गप्पा मारत बसले, टीव्ही बंद करून. गप्पा ओरडूनच माराव्या लागत होत्या, पण निदान मधे दोन भिंती होत्या.

मी खोलीतच थांबले. प्रत्येक पानानंतर फाइल साठवायची, एवढंच माझं काम. सासूबाईंनी आधी तिसऱ्या धड्याचं उरलेलं संपवलं. मग थोडं पाणी प्यायल्या, पुस्तकाचं पान उलटलं, रजयांकडे तोंड केलं.

"धडा शेवटचा. भरती आणि ओहोटी."

मी तो आवाज इतकी वर्षं रोज ऐकत होते, पण ऐकला असा त्या दिवशीच. जाड, थोडा खरखरीत, प्रत्येक वाक्याच्या शेवटी किंचित खाली बसणारा. नकाशा आला तेव्हा त्या थांबल्या. म्हणाल्या, "आता आपला हात छातीवर ठेवा. श्वास आत घेतला की छाती वर येते, सोडला की खाली जाते. समुद्राचं पाणी दिवसातून दोनदा असंच वर येतं आणि खाली जातं. घाई करू नका. समुद्र घाई करत नाही." हे पुस्तकात नव्हतं. दीडपट वेगाने ऐकणाऱ्या मुलांना त्या चिमटा काढत होत्या. मी माझाही हात छातीवर ठेवला होता, पण माझा समुद्र फार घाईत होता. बाहेर कुठे खुट्ट झालं तरी मी दिव्याकडे बघायचे.

शेवटचं पान आलं, शेवटचा परिच्छेद आला. दोन ओळी राहिल्या होत्या, आणि टक.

आम्ही दोघी दगड झालो. सासूबाई वाक्याच्या मधेच थांबल्या. मी पडद्याकडे बघत होते. आवाजाची हिरवी रेघ चालत होती. एक क्षण, दोन क्षण. पडदा तसाच. टेबलाखाली यूपीएस वायरी काढून पडला होता, तो टक करणार कशाने?

सासूबाईंनी हळूच जीभ टाळूला लावली आणि सोडली. टक.

"ही माझीच," त्या म्हणाल्या, आणि हसू लागल्या. आधी पुटपुटत, मग खांदे हलवत, मग पोट धरून. आठवडाभर साठलेलं सगळं बाहेर येत होतं. मलाही आवरेना, मी ओढणी तोंडात कोंबली. शेवटी त्यांनी डोळे पुसले, घसा साफ केला आणि उरलेल्या दोन ओळी वाचल्या. पुस्तक मिटलं.

"मधलं ते हसणं काप," त्या म्हणाल्या. "धडा आहे तो, तमाशा नाही."

"कापते," मी म्हणाले.

शस्त्रक्रिया नीट झाली, गाठ निघाली. नस जपूनही दुखावली होती. पहिले काही दिवस नुसती हवा यायची, पुढे हवेत थोडा आवाज मिसळला, आणि तिथेच तो थांबला. डॉक्टरीणबाईंनी व्यायाम दिले, ते त्या अजून करतात. पण आता त्या हाक मारत नाहीत, भांड्यावर चमचा वाजवतात. मी मालिका अर्धी टाकून लगेच जाते. यूपीएसला सासऱ्यांनी नवी बॅटरी आणली आणि त्याची शिट्टीही पुन्हा बसवली. वीज गेली की तो ओरडतो आणि कोणी त्याला काही बोलत नाही.

परीक्षा झाल्यावर शाळेतली शिक्षिका घरी आली, बरोबर ती मुलगी होती, जी सासूबाईंवर हळू बोलतात म्हणून खट्टू झाली होती. तिला भूगोलात चांगले गुण मिळाले होते. सासूबाईंनी तिचा हात हातात घेतला, बोलल्या मात्र नाहीत. त्यांना त्या नव्या आवाजाची लाज वाटायची. बोलण्याचं सगळं मीच करत होते.

"अजून दीडपट वेगानेच ऐकता का गं?" मी विचारलं.

"हो. पण शेवटच्या धड्याला वेग कमी करतो. सगळेच करतात."

"का?"

"दीडपट वेगात त्यांचं हसणं पटकन संपतं."

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. कापलं, असं मी त्यांना शपथेवर सांगितलं होतं. मी पटकन उठून मुलीसाठी पाणी आणायला निघाले, तेवढ्यात पाठीमागून त्या घोगऱ्या वाऱ्याने मला गाठलंच. "खोटारडी." आणि मग त्या हसल्या. त्या हसण्याला आता आवाज असा फारसा नव्हता, निम्मी हवा होती.

मुलीने मान वळवून कान तिकडे केला आणि नीट ऐकून घेतलं.

"हेपण चालेल," ती म्हणाली.